उंडीच्या तेलाची तार

कल्याण बंदराच्या उतारावर काळुराम गवतवाल्याची दुमजली इमारत होती. खाली गवताची वखार, तिच्या मागे काळुरामचं बिऱ्हाड आणि वरच्या मजल्यावर भाड्याने घेतलेलं तारऑफिस. १८८८ साली त्या ऑफिसात तीन माणसं होती. तारमास्तर त्र्यंबकराव, तारवाला गुणाजी आणि गुणाजीच्या हाताखाली देशावरून आलेला सहदेव. कल्याणपासून ठाकुर्लीच्या माळावरून थेट ठाण्याच्या खाडीपर्यंत खांबांची जी रांग जात होती, ती गुणाजीची. खांब कलला, तार तुटली, तारेवर पतंगाची दोरी अडकली, की गुणाजी शिडी खांद्यावर टाकून निघायचा. ऑफिसातली तारही त्याचीच. बाहेरच्या खांबावरून ती भिंतीतल्या चिनी मातीच्या नळीतून आत यायची, लाकडी तुळईखालून यंत्राकडे जायची आणि दुसरं टोक खाली विहिरीच्या ओल्या मातीत उतरायचं. बाहेरची तार उघडी, आतली सुताने गुंडाळलेली.

गुणाजी मूळ कोकणातला. सावणे बंदरापासून दोन कोसांवर धामणवाडी नावाची वस्ती आहे, तिथे त्याची आई, बायको तुळसा आणि मुलगी नंदा राहत. आईला दिसत नव्हतं. जमीन खोताची होती. घरात कसणारं माणूस नसलं की खोत ती दुसऱ्याला लावून द्यायला मोकळा. त्यामुळे तुळसाने कल्याणला येण्याचा विषय लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच संपला होता. गुणाजीला शिमग्याला पंधरा दिवसांची रजा मिळे. आगबोटीचे आणि पायवाटेचे चार दिवस वजा केले की अकरा उरत. नंदा सात वर्षांची होती. सात शिमग्यांपैकी एका वर्षी रजा नामंजूर झाली होती. म्हणजे आपण आपल्या मुलीला एकूण सहासष्ट दिवस पाहिलं आहे, हा हिशेब गुणाजीने एकदा मुंब्र्याजवळच्या खांबावर बसल्या बसल्या केला होता. खाली उतरल्यावर तो सहदेवला म्हणाला, "सहदेवा, सहासष्ट."

"काय सहासष्ट? खांब?"

"नाय. काय नाय. शिडी धर."

दर शिमग्याला परत निघताना आई त्याच्याबरोबर उंडीच्या तेलाची बाटली द्यायची. उंडीच्या बिया वेचून, सुकवून, घाण्यावर काढलेलं हे हिरवट, जाड तेल. कोकणात ते दिव्यात जाळतात आणि गलबताच्या लाकडाला, दोरखंडांना लावतात. गुणाजीचा बाप गलबतावर खलाशी होता. पावसाळ्याआधी गलबत वाळूवर ओढलं की तो दोरखंड उन्हात पसरून त्यांना तेल चोळायचा. तेल प्यालेला दोर तुटत नाही, हे गुणाजीने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

तारऑफिसात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याला आतल्या तारेचं सूत कोरडं पडून पिंजारलेलं दिसलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. त्र्यंबकरावांनी पितळी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, यंत्राला वीज पुरवणाऱ्या मोरचुदाच्या बरण्यांवर एकेक आपट्याचं पान ठेवलं. ते घरी जेवायला गेल्यावर गुणाजीने बाटली उघडली, फडक्यावर तेल घेतलं आणि नळीपासून यंत्रापर्यंत सगळी तार हलक्या हाताने चोळली. सूत बसलं, तारेला तकाकी आली. तेव्हापासून सहा दसरे त्याने हे केलं. तेलाला एक कडवट वास असतो. दसऱ्यानंतर चार-सहा दिवस ऑफिसात तो वास राही, आणि त्या दिवसांत गुणाजी जेवणाचं फडकं सोडून ऑफिसातच, तारेखाली बसून भाकरी खाई.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आठ दिवस वरच्या कचेरीतून एक पत्र आलं. त्र्यंबकरावांनी ते दोनदा वाचलं आणि गुणाजीला हाक मारली.

"गुणाजी, तुझं गाव कोणत्या बंदराजवळ म्हणालास?"

"सावणे."

"तिथे तारऑफिस निघतंय. तारवाला हवाय. इमारतीतल्या तारेचे नियम ठाऊक असलेला, आणि ज्याच्या ऑफिसातली तार नियमाप्रमाणे आहे असा. दिवाळीआधी साहेब इथे पाहणीला येणार आहेत. मी तुझं नाव लिहू का?"

गुणाजी खिडकीतून बाहेरच्या खांबाकडे पाहू लागला. त्र्यंबकरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अरे, हो तरी म्हण. कागदाला उत्तर द्यायचंय."

"लिवा मास्तर."

"दोन कोस म्हणजे तू रोज घरी जाशील."

"रोज," गुणाजी म्हणाला. हा शब्द त्याने त्या आठवड्यात बऱ्याच वेळा उच्चारला असावा, कारण सहदेव त्याला चिडवू लागला. "का हो गुणाजीबाबा, आज रोज का उद्या रोज?"

दसरा झाला. गुणाजीने नेहमीप्रमाणे तार चोळली, या खेपेला जरा जास्तच जिव्हाळ्याने. बाटलीत उरलेलं सगळं तेल त्याने संपवलं. पुढचं तेल आता आणायचं नव्हतं, तेलाजवळच जायचं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पारसिकच्या डोंगरावरून ढग चढून आले. चित्रा नक्षत्रातला पाऊस असा कडकडाट करत येतो आणि तासाभरात निघून जातो. त्र्यंबकरावांनी नियमाप्रमाणे यंत्र तारेपासून सोडवलं. भिंतीवर विजेसाठी एक साधी योजना होती: पितळेच्या दोन पट्ट्या समोरासमोर, मध्ये कागद सरकेल एवढीच फट. तारेवर वीज पडली तर ती फट ओलांडून जमिनीत जावी, यंत्रात शिरू नये. ठाकुर्लीच्या बाजूला कुठेतरी वीज पडली. पट्ट्यांमध्ये निळी ठिणगी उडाली आणि खोलीत कुणी थोबाडीत मारल्यासारखा आवाज झाला. योजनेने आपलं काम केलं होतं. पण पट्ट्यांजवळच्या सुताने पेट घेतला. ज्योत लहान होती, पिवळी, धुरकट. ती तारेवरून सरकत तुळईकडे निघाली. समईची वात पुढे सारली की ज्योत जशी तिच्याबरोबर जाते, तशी.

गुणाजीने बरण्यांसाठी भिजत घातलेला लाकडाचा भुसा दोन्ही ओंजळींनी तारेवर मारला, मग ओलं गोणपाट दाबून धरलं. तळहात भाजला. दोन हात तार काळी पडली, तुळईला वीतभर डाग पडला. खालून काळुरामची बायको रखमाबाई ओरडत होती, "अगो बाय! वर काय जलतं रं? खाली माझा गवात हाय!"

"विझलं रखमाबाय! विझलं!" सहदेव जिन्यावरून ओरडला.

"तुमची ती तार तुमच्या घरा न्या! माझी पोरं निजलीन खाली!"

त्र्यंबकराव घाम पुसत खुर्चीत बसले. "वीजच ती," ते म्हणाले. "तिला काय आपण आवतण दिलं होतं? पट्ट्या होत्या म्हणून यंत्र वाचलं. मी तसं लिहितो. हाताला काही लाव आधी."

गुणाजी तिथेच उभा होता. खोलीभर जो वास पसरला होता तो जळक्या सुताचा नव्हता. धामणवाडीच्या ओटीवर दिवेलागणीला येतो, तो होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्र्यंबकराव सकाळचे निरोप पाठवून घरी गेले. गुणाजीने जळालेल्या तुकड्याशेजारची चांगली चार हात तार कापून घेतली आणि तिच्याजागी शिल्लक तुकडा जोडला. तेल निघतं का पाहायला कापलेली तार त्याने रिठ्याच्या पाण्यात घासली, विहिरीवर धुतली, पुन्हा घासली, आणि काळुरामच्या अंगणात दुपारपर्यंत उन्हात वाळत घातली. मग अंगणाच्या मोकळ्या बाजूला नेऊन टोकाला काडी लावली. सुताने लगेच धरलं आणि ज्योत सावकाश, न विझता, चार हात चालत गेली. त्याने ऑफिसातून कधीच तेल न लागलेल्या नव्या तारेचं वीतभर टोक आणून त्यालाही काडी लावली. ते काळं पडलं, धुमसलं आणि विझलं.

काळुराम बाजेवर बसून पाहत होता. "काय रं गुणाजी, दिवालीची फटाकी करतंस?"

"नाय काळुशेठ."

"मंग?"

"तुझ्या गवताच्या वर माझी वात हाय," गुणाजी म्हणाला.

काळुरामला काही कळलं नाही. तो हसला, म्हणाला, "आवंदा गवात लय झालं, तुलईपरत भरलंय," आणि विडी काढायला लागला. मग गुणाजीच्या तोंडाकडे पाहून त्याने ती परत खिशात ठेवली.

तुळईखालून, फळ्यांच्या मागून, अजून तीस-पस्तीस हात तार तेल पिऊन होती. नवी तार हवी तर मागणीचा कागद करावा लागे आणि त्यात कारण लिहावं लागे. वीज पडून जळाली म्हणून दोन हात मिळाली असती. सगळी बदलायची तर सगळीचं कारण हवं. गुणाजीने दोन दिवस खांबांवर घालवले. कामं होती, काही नव्हतीही. सहदेवला त्याने ठाण्याच्या बाजूला पाठवलं आणि स्वतः ठाकुर्लीच्या माळावर एका धड असलेल्या खांबावर चढून बराच वेळ बसून राहिला. तिथून खाडी दिसते. भरती होती आणि दोन गलबतं दक्षिणेकडे निघाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो त्र्यंबकरावांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"मास्तर, ती आग विजेची नव्हती."

"म्हणजे?"

"ठिणगी विजेची. आग तेलाची. मी तारेला तेल लावतो. सहा वर्षं झाली. उंडीचं."

त्र्यंबकरावांनी टाक खाली ठेवला. "तेल? तारेला? कशाला रे बाबा?"

"दोरखंडाला लावतात तसं. सूत तडकू नये म्हणून. दसऱ्याला लावायचो."

त्र्यंबकराव उठले. भिंतीवर इंग्रजी नियमांचा छापील कागद खिळ्याला टांगलेला होता, इमारतीतली तार कशी ठेवावी याचा. कागद आला तेव्हा त्यांनीच तो सगळ्यांना मराठीत सांगितला होता: तार लाकडाला टेकू देऊ नये, भिंतीतून नळीशिवाय आणू नये, गवती छपराखालून नेऊ नये, पट्ट्या दर पावसाळ्याआधी पुसाव्यात. आता त्यांनी बोट ठेवून एकेक कलम पाहिलं आणि नवव्यावर थांबले.

"वेष्टणाला तेल, चरबी किंवा राळ लावू नये," त्यांनी वाचलं. बोट कागदावरच ठेवून ते वळले. "हे मी तुम्हाला वाचून दाखवलंच नव्हतं, गुणाजी. मला वाटलं, तारेला तेल कोण कशाला लावील? वेळ वाचवला."

"मला ठावं नव्हतं."

"ते कळलं. आता ऐक. साहेब परवा येतायत. तुझं नाव मी लिहून ठेवलंय. तू आत्ता जे बोललास ते मी ऐकलं नाही असं धरतो. तू सावण्याला जा, मग सावकाश मी काहीतरी निमित्त काढून तार बदलून घेतो."

"सावकाश म्हंजे कधी?"

"दोन महिने. तीन."

"आणि तवर खाली रखमाबाय निजायची."

"दर दिवशी वीज पडत नाही."

"चित्रा सरली नाय अजून," गुणाजी म्हणाला. "मास्तर, तुमी लिवा. मी सांगतो तसं लिवा."

"अरे, तुझ्या मुलीचा तरी विचार कर."

"तिचाच करत व्हतो. खांबावर. दोन दिवस," गुणाजी म्हणाला, आणि एवढं बोलून तो बाहेर जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला.

त्र्यंबकरावांनी लिहिलं. नववं कलम आपण वाचून दाखवलं नव्हतं, हेही लिहिलं. ते न लिहिता चाललं असतं.

साहेब आले, त्यांनी तार बोटांनी चोळली, बोट नाकाशी नेलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारतायत, हे कसलं तेल," त्र्यंबकराव म्हणाले.

"गलबताचं."

साहेबांनी ते वहीत टिपलं. दिवाळीच्या आत चाळीस हात नवी तार आली आणि गुणाजी-सहदेवांनी दोन दिवसांत ती बसवली. त्र्यंबकरावांना लेखी ताकीद मिळाली. गुणाजीला ताकीद नव्हती, कारण नियम सांगितला गेला नव्हता हे मान्य झालं होतं. पण त्याच्या नावापुढे शेरा होता, आणि सावण्याला शेरा नसलेला माणूस हवा होता. शेरा नसलेला माणूस म्हणजे सहदेव.

सहदेव घाबरून गेला. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. "मास्तर, मला न्हाई जमायचं. तिथं समदीकडं माशाचा वास येतो म्हनं. मी माळकरी मानूस."

"आदेश आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

"गुणाजीबाबा, तुम्ही तरी सांगा."

"काय सांगू? आगबोटीत मधोमध बस, कडेला बसू नको. पोटात ढवळलं तर आवळा चघळ." मग त्याने सावण्याच्या बंदरापासून धामणवाडीपर्यंतची वाट सांगितली. पहिली घाटी, मग पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्याच्या अलीकडे डावीकडे वळायचं. सहदेवला ती वाट विचारायचं कारण नव्हतं, पण तो मुकाट्याने ऐकत राहिला. "माझ्या घरी जाऊन सांग, मी बरा आहे. हाताचं सांगू नको."

"आन् तुमच्या जागी मी का आलो इचारलं तर?"

गुणाजीने विचार केला. "सांग, सायबाची मर्जी."

शिमग्याला गुणाजी अकरा दिवसांसाठी धामणवाडीला आला. सहदेव तिथे चार महिने होता. रविवारी तो दोन कोस चालून यायचा, तुळसाच्या गोठ्याचं आडवं लाकूड दुरुस्त करायचा, आईजवळ बसून तिला कल्याणच्या गोष्टी सांगायचा. माशाच्या वासाचं काय झालं असं गुणाजीने विचारलं तेव्हा तुळसा हसली. "आता काय, सुक्या मासळीचं वाळवण राखायला बसतात. मासा खात नाय तेवढं सोडलं तर इथलेच झाले."

चौथ्या दिवशी गुणाजी नंदाला घेऊन सावण्याचं तारऑफिस पाहायला गेला. ऑफिस कौलारू होतं. तार नळीतून आत आलेली, लाकडापासून चार बोटं दूर, सूत कोरडं. गुणाजीने कुठे हात लावला नाही, फक्त मान वर करून सगळी तार टोकापासून टोकापर्यंत पाहिली. भिंतीवर नियमांचा कागद होता आणि त्याच्याशेजारी एक मराठी कागद, हाताने लिहिलेला. गुणाजीला वाचता येत नव्हतं, सहदेवलाही नाही. तिथला कारकून मधु मोठ्याने वाचू लागला, पाहुण्याला दाखवावं म्हणून. "कलम नववं सर्वांना वाचून दाखवावे. एका ऑफिसातील तारवाल्याने अज्ञानाने सुती वेष्टणास तेल लावल्यामुळे..."

"पुरे रे," सहदेव म्हणाला.

"का? चांगलं लिहिलंय. कोण गाढव असेल तो!"

"वाचू दे त्याला," गुणाजी म्हणाला. मधुने शेवटपर्यंत वाचलं. मग गुणाजी विहिरीकडे गेला. जमिनीत जाणारी तार त्याने पाहिली आणि सहदेवला म्हणाला की वैशाखात इथलं पाणी आटतं, माती सुकेल, टोक आणखी दीड पुरुष खाली न्यायला हवं. "सायबाला कळव. सुकल्या मातीत वीज जात नाय, परत वर येते."

"कळवतो. गुणाजीबाबा, एक बोलू? मी बदलीचा अर्ज केला व्हता. तुमच्यासाठी. मार्गशीर्षात."

"मग?"

"न्हाई म्हनाले. पुन्हा करावा का?" हे विचारताना सहदेव गुणाजीकडे न पाहता नंदाकडे पाहत होता. ती त्याच्या धोतराच्या सोग्याला धरून विहिरीत डोकावत होती आणि तो तिला न सांगता एका हाताने मागे ओढत होता. सवयीचा हात होता तो.

"तुला जायचंय का कल्याणला?" गुणाजीने विचारलं.

सहदेवने नंदाला विहिरीपासून आणखी मागे घेतलं. "आता तसं न्हाई वाटत," तो म्हणाला.

"मग नको करू."

परतीच्या वाटेवर ऊन उतरत होतं. घाटीत नंदा पुढे पळत होती, थांबत होती, करवंदाच्या जाळीत हात घालून कच्ची करवंदं काढत होती. पऱ्याजवळ आल्यावर ती त्याच्या बाजूने चालू लागली. एवढा वेळ ती त्याच्याशी स्वतःहून बोललेली नव्हती.

"बाबा, तुमी कदी जानार?"

गुणाजी थांबला. "का गं?"

"तुमी जानार त्या दिवशी आय खांडवी करते. गुळाची. वाटेसाठी. मग मला पन देते." तिने पुन्हा विचारलं, "कदी?"

"पुढल्या मंगळवारी."

नंदाने बोटांवर दिवस मोजले. एका हाताची बोटं संपल्यावर दुसऱ्या हातावर गेली, तिथे थांबून तिने नीट खात्री केली, आणि मग ही बातमी आईला सांगायला ती वाडीच्या दिशेने पळत सुटली.